रील्सच्या आधी मुलांना काम द्या

गुहागरजवळ तुमच्या संस्थेने गावच्या जुन्या वस्तूंचं दालन उभं केलंय, पण कॉलेजची मुलं तिकडे फिरकत नाहीत. रील्स करायला पगारी माणूस ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आत्ता नको. रील बघून पोरं एकदा येतील, फोटो काढतील आणि जातील. पुन्हा यायचं तर तिथे त्यांचं काहीतरी अडलेलं असायला हवं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळास गावाचं बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम हाती घेतलं. पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षित उबावीत म्हणून राखलेल्या जागेत आणायची, पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची, ही सगळी कामं गावातल्या माणसांनी अंगावर घेतली. पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. हॅचरीतल्या अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली आणि खाली पिल्लं दिसली की व्हिडिओ काढा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे इरलं, म्हणजे शेतात पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, असेलच. त्याच्या शेजारी ‘इरले, पावसाळी साधन’ अशी पाटी असेल तर ती काढा. अकरावीतल्या एखाद्या मुलीला आजीकडे पाठवा. भाताच्या लावणीला वाकल्यावर पाणी पाठीवरून कसं निथळायचं, पानं कुठली लागायची, वाडीत शेवटचं इरलं कोणी विणलं, हे सगळं विचारून येऊ दे. आजीच्या आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, मुलीच्या शब्दांतली पाटी आणि खाली तिचं नाव. माहिती जरूर तपासा, पण तिची भाषा ‘शुद्ध’ करत बसू नका. ते रेकॉर्डिंग ती आपणहून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकेल आणि त्याच संध्याकाळी ते मुंबईजवळ नालासोपाऱ्यात राहणाऱ्या गाववाल्यांत ऐकलं जाईल. आपल्याकडे इन्स्टाग्रामपेक्षा हा ग्रुप मोठा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

कार्यक्रम गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात ठेवा. चाकरमानी तेव्हाच गावात असतात, येताना जुने फोटो घेऊन या म्हणून आधी कळवता येतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तू वापरून आवडत्या चित्राची नक्कल करायला सांगितलं, तेव्हा जगभरातून फोटो आले. काम सोपं होतं आणि ते घरबसल्या करता येत होतं. तुम्हीही आजोबांच्या लग्नाचा फोटो नातवंडांना त्याच पडवीत तसाच काढायला सांगून बघा.

मुलांना कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या खडकात कोरलेली जुनी चित्रं, दाखवायला न्याल, अवश्य न्या. पण कुंपण नसलेल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या शिल्पाचं नेमकं लोकेशन पोस्टमध्ये नको. चित्रावरून गाडी गेली तर ते परत आणता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलांचे चेहरे टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

पगारासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून एक बरा माइक घ्या, पाट्या छापून घ्या आणि लांबच्या वाड्यांतून येणाऱ्या पोरांचं एसटीचं भाडं द्या.