उमरावांचा वाडा, शंभर जणांची चाळ

प्रश्न : डब्लिनमधील उमरावांच्या जॉर्जियन (अठराव्या शतकातील, जॉर्ज राजांच्या काळातील) वाड्यांच्या चाळी कशा झाल्या?

उत्तर : हेन्रिएटा स्ट्रीटवरील 14 क्रमांकाच्या घरात हा सारा इतिहास एका छताखाली पाहता येतो. ल्यूक गार्डिनर यांनी 1740च्या दशकाच्या अखेरीस ते बांधले आणि लॉर्ड मोल्सवर्थ तेथे राहावयास आले. मात्र 1800च्या कायद्याने आयरिश संसदच संपुष्टात आली, सत्तेचे केंद्र लंडनला गेले आणि उमरावांना डब्लिनमध्ये बिऱ्हाड ठेवण्याचे कारण उरले नाही. त्यांच्या जागी वकील आणि कचेऱ्या आल्या. 1877 मध्ये थॉमस व्हान्स या घरमालकाने भव्य जिना उखडून, दालनांत आडभिंती घालून तेथे 19 बिऱ्हाडांची सोय केली. 1911च्या जनगणनेत या एका घरात 100 माणसे नोंदली गेली. वाड्याच्या थाटाइतकाच हा चाळीचा इतिहासही जपला गेला, हे मला फार मोलाचे वाटते. 2018 पासून संग्रहालय असलेल्या या घरात, आपण कपड्यांना घालतो त्या निळीच्या रंगाच्या, खालून गेरूसारख्या लाल भिंती आजही दिसतात. शेवटचे भाडेकरू 1970च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडले.