कुंडीत स्ट्रॉबेरी: एका रोपापासून आणखी रोपं कशी करायची?

बियांच्या नादी लागू नका. बाजारातल्या फळाच्या बियांपासून रोप फार सावकाश येतं आणि फळ मूळ जातीसारखं निघेलच असं नाही. त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात महाबळेश्वर-वाईकडच्या नर्सरीतलं रोप आणा. विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली जात मिळाली तर छानच.

८ इंच खोल कुंडी पुरते, तळाला भोकं मात्र हवीतच. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण समप्रमाणात. लावताना पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीवर ठेवा. पुरला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. निदान सहा तास ऊन द्या.

आता मुख्य मुद्दा. बहर ओसरून दिवस मोठे होऊ लागले की रोपातून दोरीसारखे रनर सुटतात. (ऐन फळांच्या दिवसांत आले तर सरळ कापा, रोपाची ताकद खातात.) टोकाला इवली पानं दिसली की ते टोक शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवून केसांच्या पिनेने अडकवा. मूळ रोपापासून तोडायची घाई नको. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. जागचं हललं नाही तर मुळं धरली, मग कापा. मूळ रोपाच्या सर्वांत जवळचं पिल्लू सहसा जोमदार असतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली, पावसाळ्यात छप्पर. मुंबई-कोकणाच्या दमट उकाड्यात एवढं करूनही रोपं टिकवणं अवघड. तिथे दर हिवाळ्यात नवी आणलेली बरी.