भारत, इंडोनेशिया, आफ्रिकेतल्या बाजारांसाठी मोबाइल ॲप बनवायचे तर आता नेमके काय शिकावे?

तुम्ही विचारलंय की पुण्यात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायचं साधन) घ्यावं की कोटलिन (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा), आणि अशा वाढत्या बाजारांत पुढे कशाला मागणी राहील. मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत ॲप बनवतो. आमचे बरेचसे ग्राहक दूध संकलनातले, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने येणार.

फ्लटर की कोटलिन? कोणतंही एक घ्या. एकाच टीममध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही भागतात म्हणून छोट्या कंपन्या फ्लटरकडे वळतात. कोटलिनला गुगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी पहिली पसंती दिली आहे. एक नीट आलं की दुसरं जमतं. एफसी रोडवर चहा पिताना घालायला हा वाद छान आहे, नोकरी त्यावर मिळत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि नेट वापरणारा माणूस बदलला. फोन मात्र साधाच राहिला. कमी रॅम, आणि मेमरी व्हॉट्सॲपवरच्या शुभ सकाळने भरलेली. जागा करायची वेळ आली की तुमचं जड ॲप आधी उडतं. म्हणून आकार लहान ठेवणं हे आमच्याकडे रोजचं काम आहे.

पण खरी कसोटी नेट नसताना लागते. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ रांग असते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) टाकायचं आणि पावती द्यायची, रेंज असो वा नसो. भोर-वेल्ह्याच्या आतल्या गावांत ती नसतेच असं धरून चालतो. नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाते, रेंज आली की वर्कमॅनेजर, म्हणजे मागे राहून कामं उरकणारं अँड्रॉइडचं साधन, ती सर्व्हरवर ढकलतं. ऐकायला सोपं आहे. पण नोंद सर्व्हरवर पोचली आणि पोच परत यायच्या आत रेंज गेली तर? ॲप ती पुन्हा पाठवतं आणि एकाच दुधाचे पैसे दोनदा लागतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा आयडी द्यायचा, आणि तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यायची. मग घड्याळाचा पेच: फोनची तारीख कुणीतरी हाताने बदललेली असते आणि आजचं दूध कालच्या खात्यात पडतं. त्यात एकच नोंद केंद्रावर आणि ऑफिसात, दोन्हीकडे दुरुस्त झाली, तर कुणाची खरी? हे हिशेब बघणाऱ्या माणसासोबत बसूनच ठरवावं लागतं. मुलाखतीत मी हेच विचारतो आणि बहुतेक मुलं इथेच अडखळतात.

शिवाय बॅटरी वाचवायच्या नावाखाली बरेच स्वस्त फोन मागे चाललेलं काम परस्पर बंद करून टाकतात. तेही पाठ करून ठेवा. आणि देवनागरी अक्षरं मोठी केली की बटणातली वेलांटी कापली जाते, ते डिझायनरला कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही: कित्येकदा ॲप लागतच नाही. पुणे मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर निघतं. चीनमध्ये वीचॅट या चॅट ॲपने २०१७ पासून मिनी प्रोग्राम दिले, म्हणजे वेगळं ॲप न उतरवता काम. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा २००७ पासून साध्या फोनवर चालतेय, आणि आपल्याकडे २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं. त्यामुळे चॅटबॉट आणि एसएमएसची कामंही शिकून ठेवा.

सगळं एकाच ॲपमध्ये देणाऱ्या सुपर ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. इंडोनेशियात गोजेकचं जमलं. ते २०१० मध्ये मोटरसायकल-टॅक्सी बोलवायचं कॉल सेंटर म्हणून सुरू झालं, ॲप २०१५ मध्ये आलं, आणि पैशाचं पाकीटही त्यांचं स्वतःचं. आपल्याकडे यूपीआय सगळ्यांना खुलं असल्याने पैशाच्या व्यवहारावर गिऱ्हाईक बांधून ठेवता येत नाही. हे माझं मत, वेगळं मत असणारे आमच्याच ऑफिसात आहेत.

आता करायचं काय? दोन-तीन जीबी रॅमचा जुना फोन घ्या. नोंदवहीसारखं एखादं साधं ॲप बनवा आणि मुंबईच्या गाडीत बसून खंडाळ्याच्या घाटात चालवून बघा. बोगद्यांमुळे रेंज सारखी येते-जाते, तशी परीक्षा एअरप्लेन मोड घेत नाही. मग प्ले स्टोअरवर टाका. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच लागतात, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्या बारांत सगळे वर्गमित्र भरू नका. दूधवाला, किराणावाला, मेसच्या काकू यांनाही घ्या, आणि ते वापरत असताना मध्ये बोलू नका.