डेट्रॉइट पिस्टन्सकडे इतके गुणी तरुण खेळाडू असताना 2023-24 मध्ये ते सलग 28 सामने हरले कसे?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागही महत्त्वाचा आहे, म्हणून तो इथे पुन्हा लिहितो: दोष कुणाचा, खेळणाऱ्या पोरांचा, कोचचा की ट्रेड (टीम्समधली खेळाडूंची अदलाबदल) करणाऱ्यांचा?

मी मिशिगनमध्ये राहतो, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली पिस्टन्स ही माझी टीम आहे, त्यामुळे अगदी तटस्थ राहून लिहिणं मला जमणार नाही. पण या एका बाबतीत माझं मत पक्कं आहे. पोरं चांगलीच होती. त्यांच्याभोवती उभी केलेली माणसं चुकीची होती आणि ती चूक तीन-चार वर्षं साचत आलेली होती. डिसेंबर 2023 मध्ये ती सगळ्या जगाला दिसली, एवढंच.

आधी काय घडलं ते थोडक्यात. पहिल्या तीन सामन्यांपैकी दोन आम्ही जिंकलो होतो. त्यानंतर ऑक्टोबरअखेरीपासून 28 डिसेंबरपर्यंत एकही विजय नाही. 26 डिसेंबरला ब्रुकलिन नेट्सविरुद्ध घरच्या कोर्टवर 118-112 अशी हार झाली आणि एकाच हंगामात सलग सर्वाधिक पराभवांचा विक्रम आमच्या नावावर लागला. त्या सामन्यात आमचं आक्रमण चालवणाऱ्या केड कनिंगहॅमने 41 गुण केले, त्यातले 37 दुसऱ्या अर्ध्यात. दोनच दिवसांनी बॉस्टनमध्ये मध्यंतराला 19 गुणांची आघाडी होती, तीही गेली आणि ओव्हरटाइममध्ये 128-122 ने हरलो. अखेर 30 डिसेंबरला टोरंटो रॅप्टर्सना 129-127 असं हरवलं आणि सुटलो. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता 14 विजय, 68 पराभव.

आता खरं कारण. आमच्या घरच्या लिटल सीझर्स अरीनात वरच्या मजल्यावरच्या स्वस्त सीटवरून सामना बघितला की एक गोष्ट टीव्हीपेक्षा फार स्पष्ट दिसते, ती म्हणजे बॉल नसलेले खेळाडू आणि त्यांना धरलेले बचावपटू नेमके कुठे उभे आहेत ते. त्या हंगामात आमचं आक्रमण साधारण असं चालायचं: केड वर मधोमध बॉल घेऊन उभा. जेलन ड्युरेन येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे केडच्या बचावपटूची वाट अडवतो, आणि रिंगकडे वळतो. ऑसार थॉम्प्सन कोपऱ्यात. पलीकडे किलियन हेज. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑसारला धरलेला माणूस त्याच्याजवळ नसायचाच, तो सरळ पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात, येऊन उभा राहायचा. कारण ऑसार त्या वर्षी नवखा होता आणि त्याचे तीनचे शॉट (लांबून मारलेले, तीन गुणांचे) शंभरात वीससुद्धा पडत नव्हते. हेजचा माणूसही तसाच दोन पावलं आत. केड स्क्रीनवरून आत शिरला की समोर एक नाही, तीन जण. पास बाहेर टाकला तर कोपऱ्यातला पोरगा क्षणभर थबकायचा, तेवढ्यात बचाव पुन्हा जागेवर. केडचे टर्नओव्हर (बॉल गमावण्याच्या चुका) मोजून लोक त्याला नावं ठेवायचे, तेव्हा मला खरंच राग यायचा. पाच जणांच्या खेळात तो जवळजवळ तीन जणांच्या जोरावर आक्रमण चालवत होता.

म्हणजे गुणवत्ता होती, पण ती एकमेकांना पूरक नव्हती. आणि हे काही नशिबाने झालं नाही, ठरवून घेतलेल्या निर्णयांतून झालं.

सुरुवात बरीच मागची आहे. जानेवारी 2018 मध्ये ब्लेक ग्रिफिनला आणण्यासाठी टोबायस हॅरिस, एव्हरी ब्रॅडली, बोबान मार्यानोविच आणि पहिल्या फेरीचा पिक (दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) क्लिपर्स या टीमला दिला. ग्रिफिनचा करार पाच वर्षांचा, सुमारे 17 कोटी डॉलर्सचा. गुडघ्यांनी साथ सोडली आणि 2021 मध्ये पैसे चुकते करून त्याला मोकळं करावं लागलं. आम्ही दिलेला तो पिक 12व्या क्रमांकाचा निघाला. क्लिपर्सनी ड्राफ्टच्या रात्री तो पुढे सरकवून शे गिल्जस-अलेक्झांडर मिळवला, जो पुढे मोठा स्टार झाला. हे आठवलं की आजही जीव तुटतो.

2020 मध्ये ट्रॉय वीव्हर जनरल मॅनेजर म्हणून आले. जुनी टीम मोडून ड्राफ्टमधून नवी उभी करायची हे त्यांचं धोरण योग्यच होतं. पण पहिल्याच ड्राफ्टमध्ये 7व्या क्रमांकावर किलियन हेज घेतला आणि पुढे स्टार झालेला टायरीस हॅलिबर्टन 12व्या क्रमांकापर्यंत घसरत गेला. ड्राफ्टमध्ये असं कुणाचंही होतं, त्याबद्दल मी वीव्हरना फार बोलणार नाही. माझी तक्रार त्यापुढच्या गोष्टीची आहे. तीन वर्षं उलटून गेली, हेजचा शॉट सुधारत नव्हता, तरी 2023-24 च्या सुरुवातीला तो पहिल्या पाचात आणि त्याच्यापेक्षा गुणी पोरगा जेडन आयव्ही बेंचवर.

वीव्हरना आणखी एक सवय होती. इतर टीम्सनी मोठ्या आशेने घेतलेले आणि मग कंटाळून सोडून दिलेले खेळाडू गोळा करायचे, आपल्याकडे तरी फुलतील म्हणून. मार्विन बॅगली 2018 चा दुसरा पिक. जेम्स वाइझमन 2020 चा दुसरा पिक. केव्हिन नॉक्स 2018 चा नववा. एखादा असा जुगार खेळायला हरकत नसते. पण एक ना धड भाराभर चिंध्या! आमच्याकडे ड्युरेन आणि आयझेया स्टुअर्ट असे दोन तरुण सेंटर होते, त्यात बॅगली आणि वाइझमनची भर. चार उंच माणसं, आणि त्यांतला स्टुअर्टच काय तो बाहेरून शॉट मारायचा प्रयत्न करणारा. वाइझमनसाठी फेब्रुवारी 2023 मध्ये आम्ही दिलं कुणाला, तर सदीक बेला. ज्याने मार्च 2022 मध्ये ऑर्लँडोविरुद्ध एका सामन्यात 51 गुण केले होते, दहा थ्री (तीनचे शॉट) मारून! बे काही स्टार नव्हता, बचावात कच्चा होता, पण कोपऱ्यात उभा राहिला की त्याला मोकळं सोडायची कुणाची हिंमत नव्हती. केडला जे हवं होतं तेच देऊन जे नको होतं ते घेतलं. बॅगलीला तर आधी तीन वर्षांचा करार दिला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याला वॉशिंग्टनकडे पाठवण्यासाठी वर दुसऱ्या फेरीचे दोन पिक मोजावे लागले.

बोयान बोग्दानोविचची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ट्रेडमध्ये वेळ काय असते ते त्यातून नीट कळतं. सप्टेंबर 2022 मध्ये केली ओलिनिक आणि सेबन ली यांच्या बदल्यात यूटाकडून तो मिळाला. हा वीव्हरचा उत्तम ट्रेड होता. त्या हंगामात बोयानने सरासरी 21 च्या वर गुण केले आणि थ्री 41 टक्के टाकले. केड नडगीच्या दुखापतीमुळे 12 सामन्यांनंतर बाहेर, टीम तळाला, बोयान तिशी ओलांडलेला. फेब्रुवारी 2023 च्या डेडलाइनला (हंगामात ट्रेड करायची शेवटची मुदत) त्याला चांगली मागणी असल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा विकला नाही. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याने पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर बसून काढली आणि नेमके तेव्हाच आम्ही हरत सुटलो. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये तो आणि अ‍ॅलेक बर्क्स न्यूयॉर्क निक्सकडे गेले. बदल्यात क्वेंटिन ग्राइम्स, संपत आलेले काही करार आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक. ग्राइम्स गुडघ्यामुळे आमच्याकडून जेमतेम सहा सामने खेळला.

2023 च्या उन्हाळ्यात कॅपमध्ये, म्हणजे पगारांवरच्या लीगच्या मर्यादेत, जागा होती, पैसा होता. नेमकी इथे माशी शिंकली. शूटर म्हणून जो हॅरिसला घेतलं, पण तोवर त्याचे पाय थकलेले होते, फेब्रुवारीत त्याला सोडून दिलं. गार्ड (बॉल घेऊन खेळ चालवणारा) म्हणून माँटे मॉरिस आणला, तोही दुखापतग्रस्त. विशीतल्या पोरांना सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांत धीर देणारं, बॉल सांभाळणारं कुणी उरलंच नाही.

नशीबही वाईट होतं, हे मान्य करायला हवं. 2022-23 मध्ये लीगमध्ये आम्ही शेवटचे होतो, ड्राफ्टमध्ये प्रत्येकाला हव्या असलेल्या व्हिक्टर वेंबान्यामाचं वर्ष होतं, आणि लॉटरीत (ड्राफ्टमधले पहिले क्रमांक ठरवणारी सोडत) घसरलो पाचव्या क्रमांकावर. तेव्हाच्या नियमानुसार सर्वांत वाईट टीमला पहिल्या पिकची शक्यता फक्त 14 टक्के होती आणि ती टीम पाचव्यापेक्षा खाली जाऊ शकत नव्हती. म्हणजे जितकं खाली जाता येतं तितकं गेलो. 2024 मध्येही शेवटचे आणि पुन्हा पाचवे! म्हणूनच जाणूनबुजून हरत राहा, लॉटरीत स्टार मिळेल, हा सल्ला कुणी दिला की मला पटत नाही.

कोचचं काय? माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी 7.85 कोटी डॉलर्सचा करार देऊन आणलं होतं, त्या वेळी एनबीएच्या कोचला मिळालेला तो सर्वांत मोठा करार. आयव्हीला बाहेर बसवणं, पाचही बदली खेळाडू एकदम उतरवणं, ही त्यांची चूकच. फीनिक्समध्ये हाच माणूस टीमला फायनलला घेऊन गेला होता, पण तिथे त्याच्याकडे ख्रिस पॉल आणि डेव्हिन बुकर होते. जून 2024 मध्ये मालक टॉम गोर्स यांनी त्यांना काढलं, कराराचे सहा कोटींहून जास्त डॉलर्स देणं बाकी असताना. डिसेंबरमध्ये प्रेक्षक मालकांना उद्देशून ‘टीम विका’ अशा घोषणा देत होते. त्या रागात मीही सामील होतो. पण विल्यम्स बदलून तीच माणसं ठेवली असती तर फार तर आठ-दहा विजय वाढले असते, असं मला वाटतं.

आणि हे मी नुसतं रागाने म्हणत नाही, पुढच्याच वर्षी त्याचा पुरावा मिळाला. वीव्हर गेले, ट्रेजन लँग्डन आले. त्यांनी कुठलाही मोठा स्टार आणला नाही. टोबायस हॅरिसला, हो, 2018 मध्ये ग्रिफिनसाठी दिलेल्या त्याच टोबायसला, दोन वर्षांसाठी परत आणलं. मलिक बीझलीला एका वर्षासाठी फक्त 60 लाख डॉलर्समध्ये घेतलं. ग्राइम्स देऊन डॅलसकडून टिम हार्डवे ज्युनियर आणला आणि वर दुसऱ्या फेरीचे तीन पिकही मिळवले. कोच म्हणून जे. बी. बिकरस्टाफ. केड, आयव्ही, ड्युरेन, ऑसार, स्टुअर्ट, ही सगळी पोरं तीच. बीझलीने त्या हंगामात 319 थ्री टाकले, पिस्टन्सच्या इतिहासात एका हंगामात इतके कुणीही टाकलेले नाहीत. आता त्याचा माणूस पेंटमध्ये उभा राहू शकत नव्हता. केड आत शिरला की रिंग दिसायची. 14 विजयांवरून 44 वर गेलो. एका वर्षात विजय तिपटीहून वाढवणारी टीम एनबीएमध्ये त्याआधी झालेली नव्हती.

कुणी म्हणेल, केड मोठा झाला म्हणून झालं. झालाच मोठा, ऑल-स्टार झाला, सरासरी 26 गुणांवर गेला. पण 1 जानेवारी 2025 ला आयव्हीचा पाय मोडला, टीममधला दुसरा महत्त्वाचा गार्ड उरलेल्या हंगामासाठी गेला, तरी टीम कोसळली नाही. आदल्या वर्षी असं झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

वीव्हरबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. केड, आयव्ही, ड्युरेन, ऑसार, स्टुअर्ट, हे सगळे त्यांनीच आणलेले. जेरामी ग्रँटला पोर्टलंडला देऊन जे हाती आलं त्याच्या जोरावर 13व्या क्रमांकावरचा ड्युरेन मिळवणं, हे काम कुणाही जनरल मॅनेजरला अभिमान वाटावा असंच होतं. त्यांना गुणी पोरं ओळखता येत होती, त्यांच्या शेजारी कोण उभं करायचं ते जमलं नाही. आणि लँग्डन यांनी आल्याआल्या त्यातल्या एकालाही विकलं नाही, याचं श्रेय मी बीझलीच्या करारापेक्षाही जास्त देतो. 14 विजयांची टीम हातात आल्यावर सगळं विकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं फार सोपं होतं.

तुम्हाला यातला एकच सामना बघायचा असेल तर 2025 च्या प्लेऑफमधला (हंगामानंतरची बाद फेरी) निक्सविरुद्धचा दुसरा सामना बघा, न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरचा. 2008 पासून प्लेऑफमध्ये सलग 15 सामने आम्ही हरलो होतो, ती मालिका त्या रात्री 100-94 ने तुटली. केडचे 33 गुण. आणि शेवटचं मिनिट सुरू असताना आघाडी मिळवून देणारा थ्री मारला डेनिस श्रोडरने. फेब्रुवारीत डेडलाइनला लँग्डननी त्याला आणलं तेव्हा कुणी फारशी दखलही घेतली नव्हती.