वीणा कोणाच्या गळ्यात?

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो आणि त्याच मंडळातर्फे ओढ्याची सफाई व वाचनालयही चालते. सारा भार वर्षानुवर्षे एकट्या अण्णांवर आहे. आता त्यांची प्रकृती साथ देत नाही; पण काम वाटून घेऊ म्हटले, की ‘सेवेत पद कसले?’ असे ते विचारतात. त्यांचा मान राखून काय करावे?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : सेवेत पद नसते हे अण्णांचे म्हणणे खरेच आहे, पाळी मात्र असते. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही, ती पहारे बदलत राहतात म्हणूनच. रात्री दोनच्या पहाऱ्याला डोळे चोळत आलेला मुलगा आणि पहारा संपवणारे आजोबा एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि आजोबा घरी जाऊन झोपतात. तुमच्या मंडळात अडते ते या झोपण्यापाशी, कारण काम सोपवल्यावरही अण्णा शेजारी उभेच राहत असणार.

माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. त्यांच्या माघारीही सोहळा चालतो आहे, कारण तिथे प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि तक्रारीलाही जागा आहे. लोणंद-फलटणच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचे मात्र वाजत राहतात आणि आरतीआधी ते ऐकून घेतले जाते. तुमच्या बैठकीत असे टाळ वाजवण्याची मुभा कोणाला आहे? पंगतीच्या भाकरी थापणाऱ्या बायकांना बैठकीचे बोलावणे तरी जाते का?

पैशांचे म्हणाल, तर बँक खात्यावर दोन सह्या असाव्यात. मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले असेल, तर हिशेब ठेवणे बंधनकारकच आहे. त्यात अण्णांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही.

अण्णांना हे सांगायला चारचौघांत जाऊ नका. त्यांच्या विश्वासातल्या एकानेच घरी जावे आणि यंदाच्या पहाऱ्यांची यादी त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी. त्याच कागदावर खाली कोठीची किल्ली, वर्गणीचे पावतीपुस्तक आणि वाचनालय यांपुढेही त्यांनीच एकेक नाव घालावे.