अ‍ॅम्बेसेडरचं जुनं इंजिन भंगारात देऊ नका

प्रश्न : वडिलांची १९७४ सालची अ‍ॅम्बेसेडर जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात असते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. दिवाळीत मी आणि ओळखीच्या मिस्त्रीने चेन पुली लावून तिचं मूळ १४८९ सीसीचं इंजिन उतरवलं आणि कॉन्टेसा गाडीचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवलं. ते हैदराबादहून मागवलं, कच्च्या चिठ्ठीवर. गाडी अक्कलकोटला जाऊन आली, झकास पळते. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून वडिलांच्या नावावर आहे आणि तिची मुदत पुढच्या महिन्यात संपते. एजंट म्हणतो, नव्या इंजिनावर जुना नंबर पंच करून देतो. त्याला थोडे पैसेही दिलेत. पुढे कंपनीनेच हे इंजिन अ‍ॅम्बेसेडरला दिलं होतं, मग माझं चुकलं काय? जुनं इंजिन भंगारवाला मागतोय.

उत्तर : आधी त्या भंगारवाल्याला नाही म्हणा. तुमची सुटका त्याच इंजिनात आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर आहे, सीसी आहे. बॉनेटखाली दोन्ही वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून कलम १८२-अ लागू झालं. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी रस्त्यावर न आणता अंगणातच ठेवली तरी हे कलम लागतं, कारण शिक्षा बदल करण्याला आहे. आरसी वडिलांच्या नावावर, म्हणजे 'मालक' मी नाहीच, असा एक बचाव तुमच्या मनात येईल. माझ्याही आला. पण उद्या तीच गाडी नावावर करायला जाणार आहात, तेव्हा त्यावर विसंबू नका.

कंपनीनेच हे इंजिन दिलं होतं, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. हिंदुस्थान मोटर्सने नव्वदच्या दशकात १८०० आयएसझेड ही अ‍ॅम्बेसेडर काढली, तिच्यात हेच इसुझू होतं. पण कायदा 'अ‍ॅम्बेसेडर' हे नाव बघत नाही, तुमची १९७४ ची गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली ते बघतो. शिवाय कंपनीने नुसतं इंजिन टाकून गाडी विकली नव्हती. तुमच्याकडे चारही चाकांना पन्नास वर्षांपूर्वीचे ड्रम ब्रेक आहेत, आणि खाली फ्लोअरवरचा गिअर बसवताना मिस्त्रीने मधला पत्रा कापला असणारच. या गाडीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, पत्राच तिचा सांगाडा. तिथे कटर आणि वेल्डिंग चाललं की प्रश्न फक्त इंजिनाचा राहत नाही.

अक्कलकोटच्या वाटेवर कुणाला धडक बसली असती तर? विमा कंपनीला तिसऱ्या व्यक्तीची भरपाई बहुतेक वेळा टाळता येत नाही. पण इंजिन बदलल्याचं तुम्ही लपवलंत, हा मुद्दा ती नक्की उचलेल, आणि पैसे तुमच्याकडून वसूल करायला बघेल. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर विसराच.

आता नंबर पंच करण्याबद्दल. हे अजिबात करू नका. आजवर झालंय ते विनापरवानगी बदल, म्हणजे मोटार वाहन कायद्यातला गुन्हा. पंचाचा एक हातोडा पडला की प्रकरण फसवणूक आणि बनावटगिरीचं होतं, तेही भारतीय न्याय संहितेखाली. घासलेला नंबर दिसला की पोलिसांचा पहिला संशय चोरीच्या मालाचा असतो, आणि तुमच्या हातात हैदराबादची कच्ची चिठ्ठी! त्या विक्रेत्याकडून इंजिन नंबर घातलेलं पक्कं बिल आणि ज्या कॉन्टेसाचं ते इंजिन, तिच्या आरसीची प्रत आजच मागवा. इंजिन पुढे विकायचं असलं तरी हे लागेल.

माझा सल्ला सरळ आहे. मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स परत चढवा, कापलेला पत्रा चांगल्या माणसाकडून नीट जोडून घ्या आणि मग विजापूर रोडला आरटीओत जा. वारसाने मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा असतो. तुम्हाला उशीर झालाय, दंड भरा. आई आणि बहिणीची लेखी संमती बरोबर न्या, नाहीतर खिडकीवरूनच परत पाठवतील. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून भरता येतो, म्हणजे वेळ आत्ताच आहे. तपासणीत चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतात, तिथे तुम्हाला घाम फुटायचं कारण उरणार नाही.

इसुझूच हवं असेल तर ते उतरवून ठेवा आणि आधी लेखी परवानगी मागा. कलम ५२ मध्ये विनामंजुरी बदल चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद आहे, पण ती मुदत दिवाळीतच गेली. परवानगी मिळेल असं मला वाटत नाही. नाकारली तर लेखी आदेश घ्या. त्यावर कलम ५७ खाली तीस दिवसांत अपील करता येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. तुमची गाडी वयाने त्यात बसते. अट अशी की ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. मूळ इंजिन जपायचं हे आणखी एक कारण. मात्र त्या नोंदणीवर रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं अशा मोजक्या कामांसाठीच गाडी बाहेर काढता येते. स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

एजंटाला दिलेले पैसे गेले असं समजा. बेकायदा कामासाठीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल असतो, त्यावर दावा लावून काही हाती लागणार नाही. त्याच्याकडे आरसीची मूळ प्रत दिली असेल तर ती मात्र आज संध्याकाळीच परत आणा.