नवा संगणक नोंदवला, खोका कधी येणार?

नुकत्याच बाजारात आलेल्या महागड्या डेस्कटॉपची वाट पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. दोन-दोन, चार-चार लाख रुपये अडकलेले असताना 'थोडे थांबा' एवढे उत्तर पुरत नाही, म्हणून शक्य तिथे आकडे आणि तारखांसह लिहिले आहे.

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंगसाठी नवा डेस्कटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर जास्त मेमरी निवडून नोंदवला. तेव्हा तीन ते चार आठवडे दाखवत होते, आता त्याच पानावर दहा ते बारा आठवडे दिसतात. त्याच मॉडेलचा कमी मेमरीचा संगणक मात्र चार दिवसांत मिळतो. हे कसे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आधी एक गोष्ट पाहून घ्या. विक्रीच्या पानावर दिसणारे 'दहा ते बारा आठवडे' आज नोंदणी करणाऱ्यासाठी असतात. तुमची तारीख तुमच्या ऑर्डरच्या पानावर आणि नोंदणीच्या ईमेलमध्ये आहे. पुष्कळ जण रोज विक्रीचे पान उघडून धसका घेतात, ऑर्डर रद्द करतात आणि रांगेतली जागा घालवून बसतात.

तुमची स्वतःची तारीखच पुढे गेली असेल, तर कारण बहुधा रस्त्यावर नसते, कारखान्यात असते. चार दिवसांत मिळणारा संगणक तयार मालातला. तो विक्री सुरू होण्याआधीच बनून भारतातल्या गोदामात येऊन पडलेला असतो. तुम्ही निवडलेला संगणक ऑर्डर आल्यावर जुळवला जातो आणि त्यातला एखादाच भाग कमी पडला तरी अख्खे यंत्र थांबते.

तो भाग बहुतेक वेळा सर्वांत वरच्या दर्जाची चिप किंवा मेमरी असतो. चिप सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर बनते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डातली चिप जवळजवळ ७५० चौरस मिलिमीटरची आहे. एवढ्या मोठ्या चिपा एका चकतीत सत्तरच्या आसपासच बसतात. चिप जितकी मोठी, तितकी तिच्यात कुठेतरी दोष निघण्याची शक्यता जास्त. निर्दोष भाग चालू ठेवून उरलेले बंद करायचे आणि चिप दर्जाप्रमाणे वाटायची, ही या धंद्याची रीतच आहे. ५०९० मध्येसुद्धा चिपचा काही भाग बंदच असतो. शिवाय त्याच चिपेवर त्याहून कितीतरी महाग व्यावसायिक कार्डही बनते. थोडा माल, आणि त्याचे दोन वाटेकरी.

मेमरीचेही तसेच. जगातली बहुतांश डीरॅम, म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि एआयच्या सर्व्हरकडे त्यातला मोठा वाटा वळला आहे. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' ही सामान्य ग्राहकांसाठीची मेमरी बंद करत असल्याचे जाहीर केले, ते याच ओढीतून.

हा अनुभव नवा नाही. ॲपलच्या दंडगोल मॅक प्रोची नोंदणी १९ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि बघता बघता नव्या ऑर्डरींना फेब्रुवारी दाखवू लागले. एनव्हिडियाचा डीजीएक्स स्पार्क हा एआयच्या कामाचा छोटेखानी संगणक जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, मे महिन्यात येणार होता, विक्रीला आला १५ ऑक्टोबरला. तेव्हा नवे यंत्र विक्रीला आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत सांगितलेली तारीख अंदाज म्हणूनच धरा. एकदा सरकली तर थांबा. दुसऱ्यांदा सरकली तर कंपनीला ईमेल करून नेमका कोणता भाग अडला आहे ते विचारा. फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हाती राहिले पाहिजे.

प्रश्न : १२८ जीबीऐवजी ६४ जीबीचा घेऊन मेमरी नंतर वाढवली तर? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : मेमरी सुटी बसते की बोर्डवर पक्की आहे, यावर सगळे आहे. ॲपलच्या मॅक स्टुडिओत ती चिपेसोबतच येते, डीजीएक्स स्पार्कमध्येही बदलता येत नाही. तिथे आज कमी घेतली की कायमची कमी. सुट्या स्लॉटचा डेस्कटॉप असेल तर मात्र कमी मेमरीचा तयार माल घेणे शहाणपणाचे. नंतर वाढवताना आधीच्या दोन पट्ट्यांशेजारी आणखी दोन लावू नका. डीडीआर५ या सध्याच्या प्रकारच्या मेमरीच्या चार पट्ट्या एकत्र लावल्या की वेग बराच खाली येतो, कधी संगणक सुरूच होत नाही. मोठ्या क्षमतेच्या दोन पट्ट्यांचा जोड घ्या आणि जुन्या काढून ठेवा. एसएसडी मात्र सहसा बिनधास्त लहान घ्यावी, आणखी एक एसएसडी बसवायला रिकामा एम.२ स्लॉट आहे एवढे पाहून.

निर्णयाआधी सध्याच्या संगणकावर तुमचे सर्वांत जड काम उघडा. मॅक असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख, विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमधला 'कमिटेड' आकडा बघा. आलेख हिरवाच राहत असेल, किंवा 'कमिटेड' आकडा ६४ जीबीच्या बराच आत राहत असेल, तर १२८ ची ओढ सोडा. आणि चालू ऑर्डरमधली मेमरी बदलणे म्हणजे जुनी रद्द, नवी नोंद, रांगेच्या शेवटी जाणे. बँकेची सवलतही त्यात जाऊ शकते.

प्रश्न : पणजीतल्या एका दुकानदाराने असाच संगणक मागवून देतो म्हणून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. 'चवथीपूर्वी येईल' म्हणाला होता. चवथ होऊन महिना झाला. आता 'माल वरूनच नाही' एवढेच ऐकायला मिळते. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पावतीवर तारीख लिहिलेली आहे का? नसली तरी हातपाय गाळू नका. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार मुदत ठरलेली नसेल तर विक्रेत्याने माल वाजवी वेळेत द्यायचा असतो. ही मुदत आता तुम्हीच लेखी पक्की करा. दुकानाला ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्ही पाठवा. त्यात रक्कम, भरल्याची तारीख, मॉडेल आणि नेमकी रचना, तोंडी दिलेला शब्द हे सगळे लिहा आणि 'पंधरा दिवसांत माल द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा' असे स्पष्ट म्हणा. व्हॉट्सॲपवर 'चवथीपूर्वी' असा मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. तो मोठा पुरावा आहे.

पंधरा दिवस उलटले की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. डिचोली उत्तर गोव्यात येते आणि कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता. दुकान कुठेही असो. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे 'माल मिळाला नाही' या कारणाने चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, अर्ज लगेच करा, कारण तिथली मुदत कितीतरी कमी असते.

खरेदी संकेतस्थळावरून असती तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचाही आधार होता. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते.

पुढच्या वेळी आगाऊ रक्कम १० ते २० टक्क्यांहून जास्त देऊ नका आणि पावतीवर 'अमुक तारखेपर्यंत न आल्यास पूर्ण परत' हे वाक्य दुकानदाराच्या सहीसह घ्या. जो दुकानदार एवढे वाक्य लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडे माल यायची खात्री त्यालाही नसते.

प्रश्न : आमचा आर्किटेक्टचा व्यवसाय आहे. मार्चअखेर पैसे भरून बिल घेतले तर जीएसटी आणि घसारा याच वर्षी मिळेल ना, संगणक एप्रिलमध्ये आला तरी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही, दोन्ही नाही. जीएसटीचे क्रेडिट घ्यायला बिल लागते आणि माल प्रत्यक्ष मिळालेलाही असावा लागतो. घसाऱ्याला, म्हणजे यंत्राच्या किमतीतला जो भाग दरवर्षी उत्पन्नातून वजा करता येतो त्याला, तर संगणक त्या वर्षात वापरात यावा लागतो. दर ४० टक्के आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. म्हणजे ४ लाखांचे यंत्र ३ ऑक्टोबरपर्यंत टेबलावर चालू झाले तर १,६०,००० रुपये, त्यानंतर आले तर ८०,०००, आणि १ एप्रिलला आले तर सरलेल्या वर्षात शून्य. सप्टेंबरात नोंदवताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

आणखी एक. बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर असेल तर ग्राहक आयोगात समोरचा 'ही व्यापारी खरेदी आहे' असा आक्षेप घेऊ शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावे लागेल. आणि ईएमआय असेल तर हप्ता सहसा कार्डावर रक्कम पडल्यापासून सुरू होतो, खोका आल्यापासून नव्हे. नंतर ऑर्डर रद्द झाली तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळेलच असे नाही.

प्रश्न : ट्रॅकिंग पाच दिवस हुबळीवरच अडकले आहे. (एक वाचक, वाळपई)

उत्तर : पावसाळ्यात अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड आली, जड वाहने बंद झाली, की असे होते. गाडी लांबच्या वाटेने वळते आणि मधले स्कॅन दिसत नाहीत. ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीखालची मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. माल बंगळूरहून निघाला असेल तर गोव्यापर्यंत साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. मुदत संपली असेल तर वाहतूकदाराने ती वाढवून घ्यावी लागते; संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. कुरिअरला पार्सलचा डॉकेट क्रमांक देऊन 'ई-वे बिल चालू आहे का' हाच प्रश्न विचारा, उत्तर पटकन मिळते. वाटेत असताना पत्ता मात्र बदलू नका.

प्रश्न : संगणक येत्या आठवड्यात येणार आहे. काय तपासावे? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : खोक्याचे कोपरे आणि सील बघा. दबलेले दिसले तर पोचपावतीवर 'खोका दबलेला, तपासणी बाकी' असे लिहूनच सही करा. खोक्यावरचा सिरियल क्रमांक, बिलावरचा आणि यंत्रावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. उघडताना सीलपासून शेवटपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. जुळवलेल्या टॉवरमध्ये ग्राफिक्स कार्ड हलू नये म्हणून आत फोम भरलेला असतो. बाजूचे झाकण काढून तो बाहेर काढल्याशिवाय वीज लावू नका. कार्डाला जाणारी सोळा पिनांची वायर बोटांनी दाबून पाहा, मध्ये फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेल्या पिना तापून वितळतात, आणि प्रवासात त्या सैल होतात. मग मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या रात्रभर चालवा आणि दुसऱ्या दिवशी तुमचे खरे काम तासभर जोरात चालवा. बदलून घेण्याची मुदत बऱ्याचदा सात-दहा दिवसांचीच असते, म्हणून पॅकिंग जपून ठेवा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नोंदली गेली असेल तर पोचपावती पाठवून ती मिळाल्याच्या दिवसापासून धरण्याची मागणी करा.

हातात आठवडा आहे तर इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या सॉकेटचे अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी दुरुस्ती. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विजा कडाडतात तेव्हा हीच हयगय महागात पडते. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅटचा आकडा वाचा. ५०९० कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत ओढते. प्रोसेसर आणि मॉनिटर धरून ९०० वॅटचा यूपीएस काठावरच येतो. प्युअर साइन वेव्हचाच घ्या, नाहीतर वीज जाताच काही पॉवर सप्लाय बॅटरीवर न जाता सरळ बंद पडतात.